झाकलेली नावं

बाईंनी ‘समजलं का?’ असं विचारलं, वर्गाने नेहमीच्या चालीत ‘हो बाई’ म्हटलं, आणि त्याच वेळी बाईंच्या पाठीमागचा फळा लाल झाला. फळा म्हणजे तो नवा, काचेचा, आतून उजळणारा. प्रत्येक मुलाच्या हातात एक पाटी दिलेली होती. टॅबलेट म्हणायचं असतं, पण बाईंच्या तोंडी पाटीच यायचं. पाटीवर दोन बटणं, समजलं असेल तर हिरवं, नसेल तर लाल. जो जे दाबेल त्याचा चौकोन फळ्यावर उमटायचा, खाली नाव. रोज सगळे हिरवे यायचे, इतके की बाई आता मागे वळूनही बघत नसत. आज वळल्या त्या पुढच्या बाकावरच्या मुली त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागल्या म्हणून. बघतात तो सगळीकडे लाल. मध्येच कुठे चुकार हिरवा. चौकोनांखाली नावंही नव्हती. सगळ्यांची तोंडं आत्ताच ‘हो’ म्हणून मिटलेली, आणि अंगठे पाट्यांवर. बाईंच्या मानेमागे काहीतरी गरम झालं. बिघडलं, त्यांना वाटलं. मेलं पुन्हा बिघडलं. सोमवारी आवाज गेला होता, परवा अक्षरं उलटी दिसत होती, आज रंग गेला. नाकी नऊ आणलेत या काचेनं. यातलं त्या काहीच बोलल्या नाहीत. वर्गात कुणाला लागेल असं काही बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता, आणि तो त्या रोज सकाळी देवासमोर बसून त्या दिवसापुरता नव्याने घेत. आयुष्यभराचा नेम मोडतो, एका दिवसाचा निभतो, असा त्यांचा अनुभव. आता कुणाला म्हणजे यंत्रालाही का, याचा विचार नेम धरताना झालेला नव्हता. पण उगाच पळवाट नको म्हणून त्या यंत्रालाही काही बोलत नसत. सगळं आतच राहायचं आणि आतल्या आत रटरटायचं.

शाळेतली सगळी यंत्रं बघणारे एक गृहस्थ होते. कुठलीही तक्रार घेऊन गेलं की ते शांतपणे म्हणायचे, ‘अपडेट आलाय.’ शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव अपडेटराव पडलेलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. ते हात पुसत आले.

‘काय झालं आता, बाई?’

‘फळा लाल झालाय.’

‘लाल म्हणजे कसा लाल?’

‘लाल कसा असतो? लाल.’

अपडेटरावांनी फळ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा फळ्याकडे. ‘याला काही झालेलं नाही. तुम्ही नावं झाकलीत.’

‘मी काही झाकलेलं नाही.’

‘हा बघा, वर कोपऱ्यात डोळा. त्याच्यावर काट आलीय. म्हणजे कुणी काय दाबलं ते आता कुणालाच दिसत नाही. तुम्हालाही नाही. अक्षर मोठं करायला गेला होतात का?’

गेल्या होत्या. तासाच्या सुरुवातीलाच.

‘मुलांना कळलं असणार,’ अपडेटराव आवाज खाली आणून म्हणाले. ‘त्यांच्या पाटीवरही तो डोळा दिसतो. त्यांना आधी कळतं, आपल्याला मागाहून. उघडून देऊ?’ आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी डोळ्यावरची काट काढली. चौकोनांखाली नावं आली, चौकोन रिकामे झाले. ‘आता पुन्हा विचारा.’

बाईंनी पुन्हा विचारलं. ‘हो बाई’ म्हणायला पहिली सुरुवात करायची ती मॉनिटर, पुढच्या बाकावरची, दोन घट्ट वेण्यांची, वर्गात कायम पहिली येणारी मुलगी. तिचा आवाज निघाला की बाकीचे मागून यायचे. तिने म्हटलं, बाकीच्यांनी म्हटलं, आणि चौकोन एकामागून एक हिरवे होत गेले, आधी पुढचा बाक, मग मधले, मग भिंतीकडचे. अपडेटराव समाधानाने म्हणाले, ‘बघा, झालं नीट.’ ते गेले. बाई त्या हिरव्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना एकदम वाटलं, आपल्या अंगावर कुणीतरी ओली चादर टाकलीय आणि सगळे जण म्हणतायत, नाही हो, कोरडीच आहे.

शिकवत होत्या अपूर्णांकांचा भागाकार. अपूर्णांकाने भागायचं असेल तर तो उलटा करायचा आणि गुणायचं. उलटा करा आणि गुणा. हे वाक्य त्या नोकरीला लागल्यापासून एकाच लयीत म्हणत आल्या होत्या, आणि वर्गही त्याच लयीत म्हणायचा, आणि परीक्षेत उत्तरं बरोबर यायची. मग लाल कशाला? सगळ्यांनी मिळून थट्टा केली असेल. पोरं आहेत, नावं झाकली म्हटल्यावर एकाने दाबलं, दुसऱ्याने दाबलं. घरी येईपर्यंत हेच त्या मनात घोळवत राहिल्या. चप्पल काढताना, हातपाय धुताना, गॅसवर चहाचं आधण ठेवताना त्यांनी मुलांची बाजूही घेतली आणि स्वतःचीही, आणि दोन्ही बाजू काही जमेनात. थट्टा असती तर हसू आलं असतं. कुणी हसलं नव्हतं. सगळे कसे, दवाखान्यात आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्यासारखे बसले होते.

या फळ्याने आल्यापासून त्यांना छळलंच होतं. मुळात त्यांची लिहायची पद्धत. खडूच्या फळ्यावर हात टेकवून लिहायची सवय, तळहाताची कड फळ्याला लावून, म्हणून तर अक्षर मोत्यासारखं यायचं. या काचेला टेकलेला हात म्हणजे पुसणं वाटायचं. बाई लिहीत जायच्या आणि त्यांचाच हात मागून ते खात जायचा. ओळ संपवून मागे सरकल्या की समोर शेवटचं अक्षर तेवढं उरलेलं. पहिल्या दिवशी मुलं हसली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना कीव आली होती, आणि ती हसण्यापेक्षा वाईट. प्रशिक्षणात चिरक्या आवाजाची एक तरुण बाई सांगत होती, ‘मॅडम, हात हवेत ठेवा, हवेत.’ हात हवेत ठेवून माणूस पोहतो किंवा शरण जातो, बाईंना म्हणायचं होतं. म्हणाल्या नाहीत. घरी स्वयंपाकघराच्या फरशीवर ओल्या बोटाने त्यांनी सराव केला, हात अधांतरी ठेवून, खांदा भरून येईपर्यंत. आता जमतं. अक्षर मात्र कुणा दुसऱ्याचंच वाटतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याच आठवड्यात बोलावलं. त्यांच्या खोलीत पंखा असा लावलेला की तो फक्त त्यांच्याच अंगावर वारा घालायचा. ‘बसा. वरून दोघं पाहणीला येणार आहेत. नव्या फळ्यावर कोण कसं शिकवतंय ते बघायला. तुमच्या सातवीचा तास बघणार.’

‘बघू देत की.’

‘तास संपताना ऐंशी टक्के हिरवं हवं. तसा निकष आहे. नाही आलं तर पुढच्या सत्रापासून वर्ग नव्या सरांकडे द्या म्हणतील. तुम्हाला मग परीक्षाविभाग बघावा लागेल. मी तुमचं वय बघून बोलत नाहीये हं.’

मग काय बघून बोलताय, हे बाईंच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. नवे सर दोन वर्षांपूर्वी आले होते, बोटांनी काचेवर चित्रं उडवायचे. कानामागून आले आणि तिखट झाले. परीक्षाविभाग म्हणजे तळमजल्यावरची, खिडकीला जाळी असलेली खोली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि मुलांचा आवाज फक्त मधल्या सुट्टीत, भिंतीपलीकडून. बाईंना आयुष्यात एकच गोष्ट करता यायची. ती म्हणजे वर्गात उभं राहणं. आपल्याला वाटतेय ती भीती कमी आणि वैताग जास्त, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

‘तुमचं तर रोज हिरवंच असतं,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘काळजी कसली?’

रात्री जेवताना त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान निवृत्त झाल्यापासून ताटाशेजारी वर्तमानपत्र घेऊन बसायचे. बाई भाजी वाढता वाढता समजावून सांगत होत्या, नावं झाकली की लाल, उघडली की हिरवं, आणि सवयीने शेवटी म्हणाल्या, ‘समजलं का?’

‘हं,’ यजमान म्हणाले.

‘काय समजलं, सांगा.’

यजमानांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘अगं, इतकी वर्षं मी हिरवंच दाबत आलोय. आज एकदम तोंडी परीक्षा?’

बाईंना हसू आलं नाही. नंतर भांडी आवरताना थोडं आलं. आणि मग, हात साबणाच्या पाण्यात असताना, एक जुनी गोष्ट अशी वर आली की त्या तशाच थांबल्या. त्या स्वतः सातवीत, शेवटून दुसऱ्या बाकावर. थंडीचे दिवस, बाक गार, गळ्याशी टोचणारी लोकरीची पट्टी. त्यांच्या बाई फळ्यावर हाच भागाकार करून वळल्या होत्या, समजलं का, आणि वर्ग म्हणाला होता, हो बाई. त्या वेळी आपण काय म्हटलं होतं? हो. आणि आतमध्ये काय होतं? आतमध्ये काही नव्हतं. एक स्वच्छ, पांढरी, रिकामी जागा होती, आणि तिच्या कडेने ते ‘हो’ घरंगळत गेलं होतं. खोटं बोलतोय असंही वाटलं नव्हतं. ‘हो बाई’ हे उत्तर नव्हतंच मुळी. तास संपतानाचा तो एक आवाज होता, घंटेच्या आधीचा. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनाही उत्तर नको होतं, त्यांना पाणी प्यायचं होतं. आपणही घसा कोरडा पडला की विचारतो. नळाचं पाणी वाहत राहिलं. उलटा का करायचा? बाईंनी स्वतःला विचारलं. नियम पाठ होता. नियमाची सिद्धताही पाठ होती, अक्षरांतली, दोन ओळींची. पण तीन मीटर फितीत दोन तृतीयांशाचे तुकडे किती, हे डोळ्यांपुढे आणायला गेल्या तर फीत दिसायची, कात्री दिसायची आणि मग नियमच म्हणायला लागायचा, उलटा करा आणि गुणा. त्यांना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी तेच पातेलं दुसऱ्यांदा घासलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम, स्वतःच्या बोटाने, डोळ्यावर काट मारली. मग शिकवलं. मग विचारलं. लाल. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, तेच शब्द, जरा मोठ्याने, जरा सावकाश, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं. विचारलं तर लाल वाढलेलं. म्हणजे काय, मघाशी ज्यांना समजलं होतं त्यांचंही गेलं? पालथ्या घड्यावर पाणी, त्या मनात म्हणाल्या, आणि लगेच मनातच गप्प झाल्या, कारण घडा पालथा असेल तर ओतणाऱ्याने तो आधी बघायला नको का? असे बरेच दिवस गेले. त्या चिडायच्या, रोज. घरून ठरवून यायच्या, आज नावं उघडी ठेवू, आज आपल्याला बरं वाटू दे. आणि वर्गात आल्यावर बोट आपोआप त्या कोपऱ्याकडे जायचं, दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं. फळ्यावर फीत काढता येते, ती ओढून लांब करता येते, तुकडे करून बाजूला सरकवता येतात, हे त्यांनी अपडेटरावांकडून शिकून घेतलं. अपडेटराव म्हणाले, ‘बाई, एवढं नवे सरही विचारत नाहीत.’ मुलांना पाटीवर प्रश्न लिहून पाठवता येतो, तोही नावाशिवाय, हेही त्यांनीच दाखवलं. ती सोय सुरू केल्यावर दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, ‘बाई तुम्ही खूप भरभर बोलता.’ बाईंना लोक संथ बोलणारी, मृदू बाई म्हणायचे. त्या पूर्ण दुपार धुमसत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी आपलाच तास रेकॉर्ड केलेला होता तो ऐकला. प्रश्न विचारायचा आणि श्वास घ्यायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचं. कुणाचा तरी अर्धवट उघडलेला आवाज मागे ऐकू यायचा, ‘ब—’, आणि त्यावर त्यांचं गोड, मऊ उत्तर पांघरुणासारखं पडायचं. प्रत्येक वेळी. त्यांनी मध्येच बंद केलं. मग पुन्हा लावलं. वाट बघणं ही एवढी अवघड गोष्ट असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. वर्गात प्रश्न विचारून गप्प उभं राहिलं की कान बंद झाल्यासारखं व्हायचं, हात कुठे ठेवावेत कळायचं नाही, आणि जीभ टाळूला चिकटवून ठेवावी लागायची.

पाहणीच्या दिवशी अपडेटराव तासाआधीच येऊन थांबले होते. ‘बाई, आज नावं उघडी ठेवा. सगळं हिरवं येईल, पाहुणे खूश होतील, तुमचा वर्ग तुमच्याकडे राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची.’

‘इथे झाकली तर लाल येतं,’ बाई म्हणाल्या.

‘तेच म्हणतोय मी. उघडी ठेवून झाका.’

पाहुणे दोघं होते, एक उंच, सतत घड्याळ बघणारे, आणि एक बाई, पुरुषी बुटांच्या. ते मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. मोठ्या बाई दाराशी उभ्या. बाईंनी कोपऱ्यातल्या डोळ्याकडे पाहिलं. काट नव्हती. हिरवं हवं होतं त्यांना. इतकं हवं होतं की तोंडाला पाणी सुटल्यासारखं झालं. तळमजल्यावरची ती जाळीची खिडकी त्यांना दिसली. मग त्यांना वाटलं, आज हिरवं आलं तर उद्या मला या पोरांच्या तोंडाकडे बघताच येणार नाही. आणि हे वाटणं काही थोर वगैरे नव्हतं, त्यात भरपूर चिडचिड होती, पायात खडा घेऊन चालायला लावल्यासारखी. त्यांनी काट मारली. दाराशी अपडेटराव कपाळावर हात घेताना दिसले.

त्यांनी तीन मीटरची फीत काढली. दोन तृतीयांश मीटरचे तुकडे करायला सांगितलं. मुलांनी पाट्यांवर सरकवून बघितलं. चार तुकडे झाले आणि थोडी फीत उरली. बाईंनी नियमाने उत्तर काढलं, साडेचार. विचारलं. अर्ध्याहून जास्त लाल. उंच पाहुण्यांनी घड्याळाऐवजी आता फळ्याकडे पाहिलं. आणि त्याच वेळी फळ्याच्या कडेला एक ओळ उमटली, नावाशिवाय: ‘उरलेली फीत एक तृतीयांश मीटर आहे. मग उत्तरात अर्धा कुठून आला?’

बाईंनी तोंड उघडलं. आणि उत्तर नव्हतं. होतं, कुठेतरी होतं, पण हाताला लागत नव्हतं. एक तृतीयांश उरला. उत्तर म्हणतंय अर्धा. दोन्ही बरोबर. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. मोठ्या बाई दारातून डोळ्यांनी खुणावत होत्या, पुढे चला. ‘थांबा,’ बाई म्हणाल्या. ‘मलाही जरा विचार करू द्या.’ वर्ग चमकून बघायला लागला. बाई फितीकडे बघत राहिल्या. उरलेला तुकडा त्यांनी बोटाने उचलला आणि उगाचच, नुसता कुठेतरी ठेवायचा म्हणून, एका पूर्ण तुकड्यावर ठेवला. तो बरोबर मध्यापर्यंत आला. त्यांच्या घशातून एक बारीकसा आवाज निघाला.

‘अर्धा,’ त्या म्हणाल्या. ‘कशाचा अर्धा?’ आणि गप्प राहिल्या. जीभ टाळूला. पंख्याचा आवाज आला, बाहेर कुठेतरी बादली आपटली. मग भिंतीकडच्या बाकावरून, वर्षभरात ज्याचा आवाज बाईंनी ऐकला नव्हता अशा मुलाने म्हटलं, ‘तुकड्याचा. मीटरचा नाही. तुकड्याचा अर्धा.’ ‘हां,’ कुणीतरी म्हणालं. ‘हां, हां,’ आणखी कुणी. ते ‘हो बाई’ नव्हतं. चौकोन बदलायला लागले, एक इकडे, एक तिकडे, काही चालीविना. घंटा झाली तेव्हा तिसरा हिस्सा तरी अजून लाल होता.

मुलं सुट्टीला धावली. बुटांच्या पाहुण्या बाई काहीतरी म्हणणार होत्या, पण उंच पाहुणे आधी बोलले. ‘मेहनत दिसते. पण निकष ऐंशीचा आहे, बाई. आम्ही तरी काय करणार?’ ते दोघं गेले. मोठ्या बाई आत आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. ‘एक बटण होतं हो. एका बटणाचा प्रश्न होता. आता मी त्यांना काय सांगू? वर्ग द्यावा लागेल नव्या सरांना.’

‘कधीपासून?’

‘सांगितलं ना, पुढच्या सत्रापासून.’

‘तोपर्यंत माझाच आहे ना?’

‘आहे,’ मोठ्या बाई म्हणाल्या, आणि यात विचारण्यासारखं काय होतं ते न कळून निघून गेल्या. बाईंना रडू येईल असं वाटलं, पण आलं ते वैतागाचं, कोरडं. घसाही तसाच कोरडा. पाण्याची बाटली शोधायला वळल्या तर मॉनिटर दारातच उभी होती, डबा हातात. बाकीच्या मुली बाहेरून तिला हाक मारत होत्या. ती एक वेणी ओढत होती.

‘काय गं, जेवायचं नाही?’

‘बाई, त्यातलं एक लाल माझं होतं.’

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवसापासूनचे सगळे हिरवे चौकोन त्यांच्या डोक्यात एकदम धडपडले. अगं, मग तू सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने… पण तिचा चेहरा असा झाला होता, की जणू ती आत्ता काहीतरी फोडून आलीय आणि तुकडे मागे लपवून उभी आहे.

‘कुठपर्यंत समजलंय?’

‘अर्धा समजला. पण उलटा का करायचा, ते पहिल्यापासूनच नाही. मी पाठ केलंय नुसतं.’

पहिल्यापासूनच. सुट्टी छोटी होती, बाईंचे पाय दुखत होते, आणि बाहेर कुणीतरी जोरात रडत होतं, बहुतेक पडलं होतं. त्यांनी डोळे मिटून एक श्वास सोडला. ‘बस,’ त्या म्हणाल्या. ‘डबा उघड, खाता खाता बघ.’ मग त्यांनी फळा पुसला. तीन मीटरची फीत गेली. तिच्या जागी त्यांनी एकच मीटर काढला, आखूड, फळ्याच्या मधोमध, त्याचे तीन सारखे भाग केले आणि बाजूला दोन भागांचा एक तुकडा ठेवला. उत्तर दीड, म्हणजे तीन द्वितीयांश, तोच उलटा केलेला अपूर्णांक; पण ते तिचं तिला दिसायला हवं होतं.

‘आधी एकच मीटर घेऊ. हा तुकडा यात किती वेळा मावतो ते तू मला सांगायचं. मी बोलणार नाही.’

मुलीने घास हातात धरून फळ्याकडे पाहिलं. ‘एकदा,’ ती म्हणाली. मग थांबली. ‘आणि…’

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत.